माणिक तायडेच्या भावाची पँट

अकोल्याच्या शिंप्याला गंडवायला अक्कल लागत नाही, फक्त एक भाऊ लागतो, असं माणिक तायडेनं मोठ्या रुबाबात जाहीर केलं. तिला भाऊ नव्हता. पण ही गोष्ट तिच्या मते किरकोळ होती.

माणिक अमरावतीत मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायची. साल चौसष्ट असावं. अंगानं सुरूच्या झाडासारखी सरळ, चालणं लांब ढांगांचं, आणि त्या ढांगांच्या मध्ये सदा कडमडणारं ते लुगडं. लुगड्याचं आणि तिचं लहानपणापासूनच जमलं नाही. बाकीच्या बाया लुगडं नेसत, माणिक त्याच्याशी कुस्ती खेळून शाळेत पोचायची. रस्त्यानं एखादा कारकून शर्ट खोचून, कडक इस्त्रीची पँट घालून निघाला की तिची नजर त्याच्यावर अशी खिळायची की बिचारा खिशातून कंगवा काढून भांग नीट करायचा. त्याला काय ठाऊक, बाईंना त्याच्यात काडीचा रस नव्हता. बाईंना त्याच्या पँटच्या चुण्यांत रस होता.

माणसांत म्हणाल, तर तिचा सगळा रस सुभद्रेत होता. सुभद्रा गवई सरकारी दवाखान्यात नर्स होती. गेली कित्येक वर्षं दोघी एका खोलीत राहत होत्या, एका ताटात जेवत होत्या आणि एकमेकींवाचून कुठं जात नव्हत्या. घरमालकीण दुर्गाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "सख्ख्या बहिनी बी अशा राहत नाईत, बाप्पा." आणि ते अगदी खरं होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं होतं. माणिकच्या डोक्यात तिथूनच किडा शिरला.

"तिथी आपल्याले कोन ओळखते?" ती म्हणाली. "मी पँट-शर्ट घालून चालतो तुह्यासंग. एकदा तरी मले माह्यासारखं दिसू दे."

पहिल्या दोन वाक्यांना सुभद्रेपाशी पन्नास उत्तरं होती. तिसरं ऐकून तिनं ती सगळी मागं घेतली. ती म्हणाली, "बरं. पन अमरावतीत शिवू नको. इथला हरेक शिंपी तुह्या शाळेतल्या एकेका पोरीचा बाप आहे."

म्हणून अकोला. बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडून माणिक एका रविवारी अकोल्याला गेली आणि कापडबाजाराच्या मागच्या गल्लीतल्या खुशालराव इंगळ्यांच्या दुकानात शिरली. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला ताजा हार होता. "जयभीम," ती म्हणाली आणि मग पाठ करून आणलेलं सगळं एका दमात ओकली. जुळा भाऊ आहे, माझ्याच मापाचा आहे, त्याला यायला सवड नाही, तेव्हा माझंच माप घ्या आणि पँट-शर्ट शिवा.

खुशालराव हा नुसता शिंपी नव्हता, मताचा माणूस होता. त्यानं चष्म्यावरून माणिकला खालीवर पाहिलं आणि व्याख्यान सुरू केलं.

"बाई, कपडा मापावर नाई बसत, चालीवर बसते. खांदा पाडून चालनाऱ्याले म्या कितीबी भारी कॉलर लावून देल्ली तरी तो हमालच दिसते. अन् पँटीत हात खिशाबाहेर ठेवाचे. खिशात हात घातला का मानूस उधार मागाले आला असं वाटते. भाऊ कसा चालते तुमचा?"

"माह्यासारखाच," माणिक म्हणाली आणि दुकानात दोन फेऱ्या मारून दाखवल्या.

खुशालराव खूश झाला. "वा. मंग फुल शर्ट, खोचाचा. बुशशर्ट अशा मानसाले शोभत नाई, बुशशर्ट म्हनजे पोट झाकाची सोय." माप घेता घेता त्यानं सहज विचारलं, "काय नाव भावाचं? काय करते?"

इथं गप्प बसली असती तर गोष्ट इथंच संपती. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा खोटं बोलायला लागला की त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. माणिकनं भावाचं नाव धर्मपाल ठेवलं, त्याला जंगल खात्यात चिकटवलं, चिखलदऱ्याला क्वार्टर दिलं, तंबाखू सोडवली आणि वर सांगितलं की स्वभावानं तो फार गरीब आहे.

"लगन?"

"नाई झालं."

खुशालरावाच्या हातातली टेप क्षणभर थांबली. "मंग ट्रायलले त्याले सोताले धाडजा," तो गोड आवाजात म्हणाला. "धडावर पाह्यल्याबिगर मी माल सोडत नाई."

घरी येऊन माणिकनं हे सांगितलं तेव्हा सुभद्रा पोट धरून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, "आता धर्मपालले जाच लागते."

मग धर्मपालची तयारी सुरू झाली. वेणी गुंडाळून तिच्यावर कानटोपी चढवली. कान फुटलाय, वारा लागता कामा नये, हे कारण दवाखान्यातली बाई सोबत असली की कोणालाही पटतं. माणिकच्या बापाचं धोतर, जुना कोट आणि पट्टा नांदगाव खंडेश्वराच्या घरून आणला. सुभद्रा रोज पुरुषांच्या वॉर्डात वावरणारी, तिनं शिकवणी घेतली.

"खुर्ची पाहून बसू नको. गडीमानूस आधी बसते, मंग खुर्ची आहे का नाई ते पाह्यते. चहा आला तर कोनं आनला तिकडं पाहू नको. अन् बोलाच्या आधी खाकर."

बोलण्याची मात्र काळजी नव्हती. पुण्याकडच्या बाईला अशा वेळी 'जाते'चं 'जातो' करताना घाम फुटला असता. वऱ्हाडात बायाही 'मी जातो', 'मी येतो' म्हणतात. शाळेतलं शुद्ध मराठी घरी ठेवलं की झालं.

ट्रायलच्या दिवशी दोघींनी अकोल्याच्या दुकानात पाय ठेवताच माणिकच्या लक्षात आलं की आज इथं ट्रायल आहे खरी, पण पँटची नाही. शिलाई मशीन भिंतीला सरकवलं होतं. सतरंजी अंथरली होती. तिच्यावर खुशालरावाचा मोठा भाऊ देवमन नवं धोतर नेसून बसला होता, शेजारी खुशालरावाची बायको इंदूबाई, आणि आतल्या दाराशी देवमनची मुलगी मनकर्णा चिवड्याच्या बशा घेऊन उभी होती.

"या, धर्मपालराव," खुशालराव म्हणाला. "तोंडवळा तर डिट्टो बहिनीचा. अन् ह्या?"

"मी सुभद्रा. यायच्या बहिनीची मैत्रीन," सुभद्रा म्हणाली. "यायले कपड्यातलं काई समजत नाई, म्हनून बहिनीनं मले संग धाडलं."

माणिकनं मागं दाराकडं पाहिलं. पण पळायचं तर पँट राहते. तिनं आधी पँट घालायची आणि मग पळायचं असं ठरवलं आणि खुशालरावाच्या हातातले कपडे घेऊन पडद्याआड गेली.

पडद्यामागं पुरुषभर उंचीचा आरसा होता. माणिकनं पँट चढवली, शर्ट खोचला, पट्टा आवळला आणि वर पाहिलं. मग कितीतरी वेळ ती हललीच नाही. पाय दोन होते, वेगवेगळे होते, आणि दोन्ही तिचेच होते. खांदे जिथं असायला हवेत तिथं होते. आरशातल्या त्या कानटोपीवाल्या माणसाला ती जन्मभर ओळखत होती, भेट मात्र आज होत होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाहेर बसलेले इंगळे, चिवडा, खोटं, सगळं ती विसरून गेली. तोच खुशालरावानं हाक मारली, तशी ती डोळे पुसून ढांगा टाकत बाहेर आली.

सगळ्यांनी एकदम तिच्याकडं पाहिलं.

देवमननं पाहिलं आणि लगेच नजर सतरंजीवर वळवली. इंदूबाईनं आधी डोळे बारीक केले, मग मोठे केले. मनकर्णेनं पदर तोंडाला लावला, तिचे खांदे हलायला लागले. आणि सुभद्रा तर टक लावून पाहतच राहिली. वर आपल्या कमरेशी हात नेऊन काहीतरी खुणा करायला लागली. माणिकची छाती फुगली. पँट एवढी खुलून दिसेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

ती खुर्ची न पाहता बसली. नशिबानं खुर्ची होती.

"काई शौक?" देवमननं सतरंजीलाच विचारलं.

आता नकार मिळवायचा तर वाईट बोलणं भाग होतं. माणिक खाकरली. "कधीमधी पितो."

"कबूल तं करते," देवमन खुशालरावाला म्हणाला. "आजकाल कोन कबूल करते?"

"राग बी लय आहे मले."

"असावाच. जंगलातली नोकरी. वाघाशी गाठ."

"अन् मी घरात काई कामाचा नाई."

"तं कोनता गडी असते?" इंदूबाई म्हणाली. म्हणताना तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

सुभद्रेच्या खुणा वाढत चालल्या होत्या. आता ती भुवया उडवून मान खालीवर करत होती. इतकं कौतुक माणिकला सोसवेना. त्यात मनकर्णेनं चिवड्याची बशी पुढं केली, पोरीचे डोळे ओले दिसले, आणि माणिकला स्वतःची लाज वाटली. ह्या पोरीचा यात काय गुन्हा? निदान एक गोष्ट तरी खरी बोलावी.

"काका," ती म्हणाली, "माफ करजा. मी इथी पँटीसाठी आलो, सोयरिकीसाठी नाई. माहं मन एका बाईवर आहे. लय वर्सांपासून. तिच्याबिगर मी कोनाचा होनार नाई."

मनकर्णेनं इतका मोठा सुस्कारा टाकला की बशीतल्या चुरमुऱ्यांतले दोन उडाले. तिचंही मन या लग्नात नव्हतं, तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं होतं, हे पुढं कळलं.

"कोन आहे ते?" खुशालरावाचा आवाज चढला होता.

"नर्स आहे."

सुभद्रेला चहाचा असा ठसका लागला की इंदूबाईला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. ठसका थांबल्यावर इंदूबाईनं हळूच विचारलं, "बाई, तुमी काय करता?"

एका दिवसात दुसरं खोटं सुभद्रेला जमेना. "नर्स," ती पुटपुटली.

देवमननं माणिककडं पाहिलं, सुभद्रेकडं पाहिलं, आणि तो मांडीवर थाप मारून हसला. "अरे खुशाल, इथी जोडी संग येऊन बसली अन् आपन पोरगी दाखवून रायलो. बहिनीची मैत्रीन म्हने." राग बाजूलाच राहिला. इंदूबाईनं आतून साखरेची वाटी आणली आणि दोघींच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. "सुखात राहा," ती म्हणाली. "आता लाजू नका."

दोघींनी साखर खाल्ली. असा आशीर्वाद आपल्याला कोणी देईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. सुभद्रेचे डोळे भरून आले, पण त्या भरल्या डोळ्यांनीही ती माणिकच्या कमरेकडं पाहून खुणा करतच होती.

सगळं गोड झालं असं वाटत असतानाच खुशालरावाला सुचलं.

"बरं, मंग तुमची बहीन? ड्रिलवाली. ते बी बिनलग्नाचीच आहे ना? आमचा मूर्तिजापूरचा मावसभाऊ आहे. पोस्टात. पोरीच्या लग्नाचं भावानंच पाहा लागते."

माणिक उठली. आजवर हाच प्रश्न तिला आत्यांनी, मामांनी आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारला होता. प्रत्येक वेळी तिनं तासन् तास कारणं दिली होती आणि एकही कोणाला पटलं नव्हतं. तिनं खांदे मागं घेतले, हात खिशाबाहेर ठेवले, पाय फाकवून सतरंजीच्या मधोमध उभी राहिली आणि खाकरली.

"माही बहीन लगन करनार नाई. ते सुखात आहे. हा इशय पुन्हा काढू नका."

"बरं बरं," देवमन घाईघाईनं म्हणाला. "भाऊच म्हनते तं झालं."

झालं. एवढंच. एवढ्या वर्षांचं भांडण एका वाक्यात मिटलं. माणिकला वाटलं, ही पँट आधीच शिवायला हवी होती. तिनं सगळ्यांना भारदस्त जयभीम केला आणि ऐटीत दाराकडं निघाली.

"धर्मपालराव," खुशालराव मागून खाकरत म्हणाला. "समोरची बटनं लावून घ्या. कवापासून सांगीन सांगीन म्हनून रायलो. बायामानसं बसली होती, कसं सांगू?"

माणिकनं खाली पाहिलं. पट्टा तेवढा आवळलेला होता. त्याखाली पँट सताड उघडी होती आणि तिच्यातून पांढऱ्या शर्टाचं टोक झेंड्यासारखं बाहेर आलं होतं. लुगड्याला पुढं बटणं नसतात. पट्ट्याखाली अजून काही लावायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मनकर्णा पदरासकट आत पळाली. इंदूबाई मात्र समाधानानं मान डोलवत नवऱ्याला म्हणाली, "आवाज आयकून मले जराशी शंका आलती, बरं का. पन एवढं उघडं ठेवून एवढा रुबाब करनं बाईमानसाच्यानं होत नाई. गडीच आहे."

गल्लीच्या कोपऱ्याला वळेपर्यंत दोघी झपाझप चालत राहिल्या.

"कवाची खुनावून रायली होती मी तुले," सुभद्रा म्हणाली.

"मले वाटलं, मी तुले लय आवडून रायलो."

"ते तं होतंच," सुभद्रा म्हणाली. "आता आधी बटनं लाव."