शेवटचे तुम्हीच का?

डेस्मंड पिल्बीमने शनिवारी सकाळी टाय बांधला, तेव्हाच ग्लेनिसला कळलं की नवरा आज कुणाचं ऐकणार नाही. लग्न, मुलीचं लग्न आणि बस कंपनीतला निरोपसमारंभ सोडला तर हा माणूस टायच्या वाटेला गेला नव्हता.

"खोपटाची किल्ली आणायला टाय कशाला रे?" ती म्हणाली.

"अठरा वर्षांनी नंबर लागलाय. बनियनवर जाऊ?"

नंबर लागला होता तो मार्लबीच्या किनाऱ्यावरच्या सत्तावीस नंबरच्या खोपटाचा. लाकडी, दोन माणसं बसली की तिसऱ्याने पाय बाहेर ठेवावेत एवढं. पण मार्लबीत माणसाला घर मिळतं, बायको मिळते, फार कशाला, निवडणुकीत जागासुद्धा मिळते. खोपटं मिळत नाही. कुणी वर गेल्याशिवाय यादी पुढे सरकत नाही. डेस्मंडने नाव घातलं तेव्हा ग्लेनिस वाळूतून पळत जायची. आता तिच्या खुब्याने असहकार पुकारला होता. दर रविवारी डेस्मंड दोन खुर्च्या, वाऱ्याचा पडदा, तो ठोकायचा हातोडा, रंगांची पेटी आणि चहाचा थर्मास अंगावर लादून पुढे चालायचा, आणि ग्लेनिस काठी टेकत मागून यायची. गेल्या रविवारी ती निम्म्या वाटेवरच बाकावर बसली आणि म्हणाली, "डेस, यंदाचं हे शेवटचं. पुढच्या वर्षी तू जा आणि समुद्र कसा होता ते मला सांग."

हे तिने हसत म्हटलं होतं. पण डेस्मंडला त्या रात्री जेवण गेलं नाही. नगरपालिकेचं पत्र सोमवारी आलं. खोपटं मिळालं की सामान तिथेच राहणार, आणि डेस्मंडचा हात ग्लेनिसला धरायला मोकळा.

पत्रात लिहिलं होतं : शनिवारी दहा ते बारा या वेळात किनारा-कचेरीत जातीने येऊन किल्ली घ्यावी. न आल्यास किल्ली यादीतल्या पुढच्या नावाला देण्यात येईल.

पुढचं नाव क्लाइव्ह अटरबी हे होतं. क्लाइव्ह गेली अकरा वर्षं भेटेल तिथे डेस्मंडच्या प्रकृतीची चौकशी करायचा. "तब्येत कशी आहे?" असं तो इतक्या आशेने विचारायचा की "उत्तम" म्हणताना डेस्मंडला अपराधी वाटायचं.

"मी बाराच्या आत येतेच पडदे घेऊन," ग्लेनिस म्हणाली. जहाजाच्या नांगराच्या चित्रांचे हे पिवळे पडदे तिने अकरा वर्षांपूर्वी शिवून ठेवले होते. "आणि हे बघ, काही अडलं तर कुणाला तरी विचार. तोंड दिलंय देवाने."

साडेनऊला डेस्मंड किनाऱ्यावर पोचला. कचेरी म्हणजे मासळीच्या दुकानामागची हिरवी टपरी, दार समुद्राकडे. दुकानाच्या कोपऱ्याला वळसा घालून चौदा माणसांची रांग आली होती. कोपऱ्यापलीकडचं काही दिसत नव्हतं.

सगळ्यात शेवटी मिसेस गॉडबोल्ड आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. डेस्मंडने टोपीला हात लावला.

"शेवटचे तुम्हीच का?"

"मीच," मिसेस गॉडबोल्ड म्हणाल्या. "आता तुम्ही."

झालं. याच्यापुढे मार्लबीत रांगेविषयी बोलायची पद्धत नाही. रांग कसली, हे विचारणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून नवरी कोण म्हणून विचारण्यासारखं. डेस्मंड हाताची घडी घालून उभा राहिला.

दहा वाजले. रांग हलली नाही. सव्वादहाला पाऊस भुरभुरू लागला. पाऊस सुरू झाला म्हणून नवीन कुणी आलं नाही, आणि रांग सुरू झाली होती म्हणून जुनं कुणी गेलं नाही. पुढच्या अंगाने मात्र हळूहळू बातम्या येऊ लागल्या. कुणी म्हणालं, खेकड्याची सँडविचं येणार आहेत. कुणी म्हणालं, बँडच्या कार्यक्रमाची तिकिटं आहेत. मिसेस गॉडबोल्डना वाटत होतं, कुत्र्यांना लस टोचतायत.

"तुम्ही कशासाठी आलात?" त्यांनी विचारलं.

"किल्लीसाठी."

"अच्छा, किल्लीपण देतायत का!" त्या आनंदाने म्हणाल्या, आणि ही बातमीही पुढे गेली.

अकराला क्लाइव्ह अटरबी छत्री घेऊन डुलत आला. त्याने रांग पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि डेस्मंडच्या मागे येऊन उभा राहिला.

"शेवटचा तूच का, डेस्मंड? तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

"भिजतोयस. छातीला बरं नव्हे या वयात. तू असं कर, समोरच्या दुकानात जाऊन गरम चहा घे. मी बघतो तुझी जागा."

"माझी जागा मी अठरा वर्षं बघतोय," डेस्मंड म्हणाला. "आणखी तासभर बघेन."

"तुझ्या भल्यासाठी म्हणालो बाबा."

तेवढ्यात एक तरुण बाई धापा टाकत आली. केस ओले, खांद्यावर भली मोठी पिशवी, पिशवीत काहीतरी खुळखुळत होतं. रांगेच्या कडेकडेने ती पुढे सरकू लागली.

"माफ करा हं... बस बंद पडली... मला जरा पुढे..."

डेस्मंडने आयुष्यात कधी परक्या बाईला अडवलं नव्हतं. पण आज त्याने टाय बांधला होता.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "पुढे सगळ्यांनाच जायचंय. शेवट मागे आहे."

"हो, पण मी इथलीच—"

"आम्हीही इथलेच," मिसेस गॉडबोल्ड म्हणाल्या. कुत्राही गुरगुरला. रांगेतून चौदा घसे एकदम खाकरले. मार्लबीत याहून मोठी शिवी नाही. बाई कानापर्यंत लाल झाली, तीनदा माफी मागितली आणि मुकाट्याने क्लाइव्हच्या मागे जाऊन उभी राहिली.

"शाबास," क्लाइव्ह म्हणाला. "माणसाने नियमाने वागावं."

साडेअकरा झाले. डेस्मंडच्या बुटांत पाणी शिरलं. रांग सोडून पुढे जाऊन नुसतं डोकावावं, असं एकदा मनात आलंही. पण डोकावायला गेलेल्या माणसाला रांग परत घेत नाही, आणि मागे क्लाइव्ह टपलेला. तो दात आवळून उभा राहिला. उभं राहण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

पावणेबाराला एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पडद्यांची पिशवी घेऊन ग्लेनिस आली.

"मिळाली?"

"रांग आहे."

"कसली?"

डेस्मंडने टायची गाठ सारखी केली.

"दोन तास उभा आहेस आणि रांग कसली ते ठाऊक नाही?"

"असं कसं विचारणार, ग्लेनिस? चारचौघांत?"

ग्लेनिस मूळची वेल्सच्या डोंगरातली. तिथे रांगेला लागण्याइतकी माणसंच नसतात. तिने काठी जमिनीवर आपटली आणि साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अहो, ही रांग आहे तरी कसली?"

सगळे खजील होऊन बुटांकडे बघू लागले. तशी ती लंगडत कोपऱ्यापलीकडे गेली. कचेरीच्या दाराला कुलूप होतं. दारासमोर दुर्बीण घेतलेले मिस्टर टॉपलिस उभे होते. तिला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"शू! दाराच्या चौकटीवर पाकोळीचं घरटं आहे. पिल्लं बाहेर पडतायत. मी आठपासून उभा आहे."

"आणि मागची ही माणसं?"

टॉपलिसनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचे डोळे पाणावले. "एवढे पक्षिप्रेमी गावात असतील असं वाटलं नव्हतं. काय ती शिस्त! काय ती शांतता!"

"तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत," त्यांच्या मागचा गृहस्थ रागाने म्हणाला. "मला वाटलं, आत मीटिंग चाललीय!"

"म्हणजे सकाळपासून ही कचेरी उघडलेलीच नाही!" ग्लेनिस ओरडली. "कचेरीची बाई आहे कुठे?"

रांगेच्या पार शेवटून एक बारीक आवाज आला. "मी... इथं आहे. मिस प्रुएट. आज माझा पहिलाच दिवस."

"मग पुढे का नाही आलात?" ग्लेनिसने कोपऱ्याकडून परत येत विचारलं.

मिस प्रुएटने भीत भीत डेस्मंडकडे बोट केलं. "हे साहेब म्हणाले, शेवट मागे आहे. त्यांचं बरोबरच होतं."

डेस्मंडला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी वाळूची. ती कुणाला पटकन घेत नाही.

"असू दे, असू दे," मिस प्रुएट म्हणाली. "किल्ली आणि वही दोन्ही पिशवीत आहेत. पिल्लांना त्रास नको, इथंच देते."

हे ऐकताच सबंध रांगेने एका दमात तोंड फिरवलं. किल्ली जिकडे, तिकडे रांगेचं तोंड. त्यामुळे पहिला झाला क्लाइव्ह अटरबी. दुसरा डेस्मंड. घड्याळात बाराला आठ कमी होते.

क्लाइव्हने शांतपणे छत्री मिटली. "मला काही शंका आहेत," तो म्हणाला. "खोपटांना बाहेरून कोणकोणते रंग चालतात? सगळे वाचून दाखवा. सावकाश."

"निळा," मिस प्रुएट वाचू लागली. "फिकट निळा. त्याहून फिकट निळा..."

"डेस, पुढे हो!" ग्लेनिस कुजबुजली.

"कसा होऊ? तो माझ्या आधी आहे."

"अरे, तो मुद्दाम वेळ काढतोय!"

"काढू दे. म्हणून मी मध्ये घुसू?"

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

डेस्मंडने तिच्याकडे पाहिलं. पडद्यांची पिशवी तिने पोटाशी धरली होती आणि भिजू नये म्हणून वर कोटाची बाही ओढली होती. त्याला एकदम रडू यायला लागलं. या बाईसाठी त्याने समुद्र उचलून घरी आणला असता. पण क्लाइव्हच्या पुढे एक पाऊल टाकायला त्याचे पाय तयार होईनात. जन्मभर ज्या पायांना उभं राहायला शिकवलं, ते ऐन वेळेला पळत नाहीत.

"कुत्रा बाहेर बांधता येतो का? आणि मांजर?" क्लाइव्ह विचारत होता. "वाळू कोणाच्या मालकीची?"

चर्चच्या घड्याळाने बाराचे ठोके दिले. क्लाइव्हने ते एकेक मोजले आणि हात पुढे केला.

"बारा वाजले. पिल्बीमने काही किल्ली घेतली नाही. पुढचं नाव माझं."

ग्लेनिस मटकन कठड्यावर बसली. डेस्मंड सरळ उभा होता, पण टायची गाठ गिळल्यासारखा दिसत होता.

मिस प्रुएटने नियमांची वही उलटीपालटी केली. पहिलाच दिवस असल्यामुळे तिने ती कालच आख्खी पाठ केली होती; अशी चूक पुढे कुणी करत नाही.

"नियम नववा," ती म्हणाली. "बाराच्या ठोक्याला जो रांगेत उभा असेल, तो वेळेत आला असं समजावं. रांग मोडणाऱ्याचा हक्क मात्र तिथल्या तिथे जाईल." तिने डेस्मंडकडे पाहिलं. "तुम्ही एक पाऊल जरी पुढे टाकलं असतंत ना साहेब, तर मला किल्ली यांना द्यावी लागली असती."

"पण मीही रांगेत होतो!" क्लाइव्ह म्हणाला.

"हो. पण यादीत तुम्ही यांच्या मागे आहात. शेवट मागे आहे, साहेब."

चौदा माणसांनी टाळ्या वाजवल्या. पाकोळीचं पिल्लू घाबरून उडालं, आणि नेमकं ते मिस्टर टॉपलिसना दिसलं नाही, कारण तेही टाळ्या वाजवत होते.

साडेबाराला सत्तावीस नंबरचं दार उघडलं. ग्लेनिसने पडदे लावले. अकरा वर्षांत ते एका बाजूने आटले होते, ते तिने खपवून घेतलं. खोपटातला जुना स्टोव्ह पेटवून ती तिथल्याच खुर्चीत बसली, पाय डब्यावर ठेवले, समोर समुद्र.

"चहा," ती म्हणाली. "आणि मघाच्या सगळ्यांना बोलाव. बिचारे भिजलेत."

तेवढ्यापुरता भांडणतंटा मिटवून डेस्मंडने क्लाइव्हलाही बोलावलं. मग किटली घेऊन तो नळावर गेला. साऱ्या किनाऱ्याला नळ एकच, पायऱ्यांपाशी. तिथेही पुढे दोघं होती. तो किटली भरून परतला तेव्हा त्याच्या खोपटापुढे पंधरा-सोळा माणसांची रांग लागली होती.

"माफ करा हं," तो कडेकडेने जात म्हणाला. "मला जरा पुढे..."

चौदा घसे खाकरले.

"अहो, पण मी इथलाच—"

"सगळे इथलेच आहेत, डेस्मंड," क्लाइव्ह प्रेमाने म्हणाला. "शेवट मागे आहे."

डेस्मंडने मिसेस गॉडबोल्डकडे पाहिलं. त्या कुत्र्याकडे पाहत होत्या. मग त्याने भरलेली किटली सावरली आणि निमूटपणे मागे गेला. शेवटी मिस प्रुएट उभी होती.

"शेवटच्या तुम्हीच का?"

"मीच. आता तुम्ही." तिने मान उंचावून पुढे पाहिलं. "फार वेळ लागतोय, नाही? कशासाठी अडलंय कोण जाणे."

"पाण्यासाठी अडलं असेल," डेस्मंड म्हणाला आणि किटली हळूच पाठीमागे धरली. इथून त्याला पिवळ्या पडद्यांच्या मधोमध ग्लेनिस दिसत होती. ती समुद्राकडे बघत होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती.