घामाचे अधिकृत कारण

आमच्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर जातो आहे, ही गोष्ट घरात सर्वांत आधी माझ्या लक्षात आली आणि सगळा घोळ तिथेच झाला. तीच गोष्ट आधी आमच्या यांच्या लक्षात आली असती, तर तो बिघाड ठरला असता. माझ्या लक्षात आल्यामुळे ती तक्रार ठरली.

गाडी घरची असली तरी दुपारी ती माझी असते. मी केक करते. कुठे शिकायला गेले नाही; अंडी, साखर आणि लोकांची बोलणी एकत्र फेटत फेटत शिकले. पुढे शहरातलं एक मोठं हॉटेल माझ्याकडून केक घेऊ लागलं. तिथले मुख्य आचारी, ज्यांना सगळे शेफसाहेब म्हणतात, फार कमी बोलतात आणि तेवढंही नकारार्थी बोलतात. त्यांनी माझा केक चाखून 'हं' म्हटलं, त्या दिवशी मी घरी येऊन आरशासमोर दोनदा 'हं' म्हणून पाहिलं होतं. हे केक भर दुपारी पोचवायचे असतात. क्रीमच्या गुलाबाला गारवा मिळाला तर तो गुलाब, नाहीतर नुसतं दूध. त्यामुळे गाडीतला एसी ही माझी चैन नव्हती. तव्या-कढईसारखं ते धंद्याचं भांडं होतं.

बिघाड मात्र मोठा शहाणा होता. गाडी सुरू केली की हवा गारेगार. निम्म्या वाटेत बॉनेटखालून खर्रकन आवाज यायचा, हवा कोमट व्हायची आणि मग कुणीतरी गरम चहावर घालावी तशी फुंकर थेट माझ्या तोंडावर येत राहायची. गाडी तासभर सावलीत उभी केली की कॉम्प्रेसर पुन्हा आज्ञाधारक.

"अहो, एसी गेलाय," मी म्हटलं.

"कुठे गेलाय? सकाळी तर होता."

आमचे हे रोज पहाटे बागेत चालायला जातात. चालत नाही, गाडीने. बाग पुढच्याच वळणावर आहे. तेवढ्या प्रवासात त्यांना एसीचा जो अनुभव येतो, तो त्यांच्या दृष्टीने सार्वकालिक असतो.

"मला तर कुडकुडायला होतं," ते म्हणाले. मग वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे अत्यंत मायेने पाहिलं. एवढ्या मायेने त्यांनी पाहिलं की मला धसकाच बसतो. "तुझं वय काय गं आता?"

"तुमच्यापेक्षा चार वर्षांनी कमी. लग्नातही तेवढंच कमी होतं."

"तसं नाही. या वयात बायकांना आतून गरम होतं म्हणे. मी वाचलंय."

इतक्या वर्षांच्या संसारात यांनी बायकांविषयी काही वाचल्याचं मला पहिल्यांदाच कळत होतं. आणि अडचण अशी, की ते साफ खोटंही नव्हतं. बसल्या जागी अंगातून वाफ निघावी, असं मला अधूनमधून होतच होतं. त्यामुळे मीही गडबडले. घाम तर खरा होता. तो माझ्या खात्यातला की गाडीच्या, एवढंच ठरायचं होतं. निर्णय अधिकारी व्यक्तींकडून करून घ्यावा, म्हणून मी गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथे एक समाधान अधिकारी असतात. वय माझ्या भाच्याएवढं, गळ्यात टाय आणि चेहऱ्यावर कायमचं समाधान. गाडी आवारात तासभर सावलीत उभी राहिल्यावर त्यांनी हवेच्या जाळीत थर्मामीटर खोचला.

"मॅडम, उत्तम कूलिंग आहे."

"आता आहे. वाटेत बंद पडतं."

"वाटेत आम्ही नसतो, मॅडम."

"मग चला माझ्याबरोबर."

"आवाराबाहेर जायची आम्हाला परवानगी नाही. बिघाड आवारात झाला, तरच तो आमच्या नोंदीत बिघाड धरला जातो."

"कॉम्प्रेसर उघडून तरी बघा."

"तक्रार सिद्ध झाल्याशिवाय उघडता येत नाही, मॅडम. आणि उघडल्याशिवाय सिद्ध होत नाही, हेही खरंच आहे." ते यावर क्षणभर मनापासून खिन्न झाले. मग संगणकाकडे वळले. "गाडी सरही चालवतात का?"

"पहाटे."

"सरांना जाणवतो हा त्रास?"

"नाही."

त्यांच्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. संगणकाने त्यांच्यापुढे तक्रारींचे तयार प्रकार मांडले होते. त्यांतून त्यांनी 'ग्राहकास उष्णता जाणवते' हा निवडला आणि उपायाच्या रकान्यात 'ग्राहकास समजावले' असं टंकलं. "गाडीच्या वयाप्रमाणे नॉर्मल आहे, मॅडम," असं म्हणून मला पाण्याची थंड बाटली दिली.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "वयाप्रमाणे नॉर्मल." मला आणि गाडीला एकच निदान मिळाल्याने मी काहीशी निश्चिंत झाले. दोन तज्ज्ञ एकमेकांना न विचारता एकाच निष्कर्षावर येतात, तेव्हा सामान्य माणसाने वाद घालू नये.

"चहा बंद करा. दीर्घ श्वसन करा. मन कशात तरी गुंतवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केकबिक करून बघा ना. छान वेळ जातो."

मी सगळं केलं. चहा सोडला. सिग्नलला गाडी थांबली की डोळे मिटून दीर्घ श्वास घेऊ लागले. मागचे लोक हॉर्न वाजवून मला भानावर आणू लागले. हवा कोमट झाली की स्वतःला बजावत असे, 'बाई गं, हे तुझ्या आतलं आहे. बाहेर गारवा आहे.' एकदा तर मला खरोखरच थोडं गार वाटलं. नेमकं त्याच दिवशी मागच्या सीटवरचा केक वितळला.

शेफसाहेबांनी झाकण काढलं. गुलाब देठासकट तळाशी जाऊन बसले होते.

"बाई, हे ताटात वाढायचं की वाटीत?"

"माफ करा, शेफसाहेब," मी मान खाली घालून म्हटलं. "या वयात होतं असं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, केककडे पाहिलं आणि बहुधा आयुष्यात प्रथमच त्यांना नकारार्थीसुद्धा काही सुचलं नाही. शेवटी म्हणाले, "शनिवारी मोठी मेजवानी आहे. तीन मजली हवाय. तो जर असा आला, तर यापुढे सगळं मोठ्या बेकरीकडे देणार. मला वर उत्तरं द्यावी लागतात."

परतताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तो केक आदल्या रात्रीचा होता. त्याला कुठलं आलंय वय? त्याने चहाही कधी घेतला नव्हता. माझा घाम संशयास्पद असेल, पण केकचा घाम निःपक्षपाती होता!

घरी येऊन मी हा मुद्दा यांच्यासमोर मांडला. हे म्हणाले, "क्रीम पातळ झालं असेल. आजकाल तुझं लक्ष नसतं."

मी वितळलेला केक तसाच उचलून पुरावा म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. समाधान अधिकाऱ्यांनी तो आदराने स्वीकारला आणि तपासणीसाठी आत पाठवला. मी बाहेरच्या थंडगार दालनात बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते ओठ पुसत आले.

"मॅडम, पाच जणांनी तपासला. केकमध्ये काहीही दोष आढळला नाही."

"अहो, तो वितळलेला होता!"

"पोत मऊ होता, मॅडम. सगळ्यांना आवडला. मात्र आता पुरावा शिल्लक नसल्यामुळे प्रकरण पुढे नेता येणार नाही." मग त्यांना माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाले, "एक सुचवू? सरांना एकदा दुपारी गाडीत बसवा. सर म्हणाले ना, की लगेच होईल."

शनिवारी मी यांना हात जोडले. "आज माझ्याबरोबर चला. एसी बंद पडतो की नाही ते स्वतः बघा. एवढा केक गेला, की माझं हॉटेल गेलं."

"चल," हे म्हणाले. "एकदाचा तुझ्या मनातला गैरसमज दूर होऊ दे."

खालचे दोन मजले मागच्या सीटवर ठेवले. गुलाबांचा वरचा मजला खोक्यात घालून यांच्या मांडीवर दिला आणि डावा हात त्याच्याभोवती घट्ट धरायला सांगितला. साक्षीदाराला शोभेल असा लांब बाह्यांचा शर्ट घालून हे बसले होते. निम्म्या वाटेपर्यंत गारवा. यांच्या चेहऱ्यावर विजय. मग बॉनेटखाली खर्रकन आवाज झाला.

"ऐकलंत? बंद झाला."

"बंद कुठे? हवा येतेय की."

"गरम येतेय."

"हवा आहे ती. गरम होणारच दुपारची."

पुलाजवळच्या सिग्नलला गाड्यांची रांग लागली. काच उघडावी तर धूळ केकवर बसणार. मी आरशातून मागच्या केककडे पाहत होते.

"अगं..."

"काय?"

"मला घाम आलाय."

माझ्या मनात जो आनंद दाटून आला, तो मी पदरात लपवावा तसा लपवला. "येणारच. एसी..."

"तसा नाही गं. हा वेगळाय." यांचा आवाज बारीक झाला होता. "डावा हात जड झालाय. छातीवर दडपल्यासारखं होतंय."

मी वळून पाहिलं. चेहरा पांढराफटक, कपाळावरून धारा. आणि त्याही स्थितीत केकचं खोकं यांनी सरळ धरलेलं. त्या क्षणी माझ्यासाठी जगात हॉटेल नव्हतं, गुलाब नव्हते. "अहो, डोळे मिटू नका. माझ्याशी बोला. काहीही बोला, मला चूक काढून दाखवा," असं म्हणत मी दुभाजकावरून गाडी फिरवली आणि हॉस्पिटलपर्यंत हॉर्नवरचा हात उचलला नाही.

"गिअर," हे मध्येच पुटपुटले, "चुकीचा टाकलायस." मला रडू फुटलं.

हॉस्पिटलच्या दारात मी एवढंच म्हणाले, "यांना घाम आलाय." तेवढ्यावर चाकाची खुर्ची आली, दारं उघडली, तारा लागल्या, पांढरे कोट धावले. वयाप्रमाणे घाम येतो, असं कुणी म्हटलं नाही. छंद जोपासा, असं कुणी सुचवलं नाही. थंडगार खोलीत यांना निजवलं. मी बाजूला खोकं हातात धरून उभी होते, आणि आतले गुलाब एकेक करून माझ्या चपलेवर उतरत होते.

हृदय ठणठणीत निघालं. तरुण डॉक्टरांनी कागद चाळत विचारलं, "घाम आला तेव्हा कुठे होतात?"

"गाडीत."

"हातात काही जड होतं?"

"केक."

"छातीला टेकवून? आणि एसी?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"तो जरा बिघडलाय," हे म्हणाले.

"कधीपासून?"

"आजपासून."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर विश्रांती लिहिली आणि खाली लिहिलं : गाडीचा एसी त्वरित दुरुस्त करणे. निजल्या जागेवरूनच यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. "मी बोलतोय," एवढंच म्हणाले. पलीकडून समाधान अधिकाऱ्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "सर! आधी नाही का सांगायचं, सर! जिवाचा प्रश्न आहे!" हॉस्पिटलच्या आवारातून गाडी उचलून नेण्यात आली. आवाराबाहेर यायची परवानगी त्यांना कुणी आणि कधी दिली, ते समजलं नाही. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"सर, कॉम्प्रेसर आतून पार झिजलाय. कित्येक महिन्यांचं दुखणं आहे. तुम्ही गाडी चालवत तरी कसे होतात?"

"काय करणार," हे म्हणाले. "सहन करत होतो."

हॉटेलचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. शेफसाहेब आताही कमीच बोलले. मोठ्या बेकरीचा केक वेळेवर पोचला होता, आणि यापुढेही तोच पोचणार होता.

खोक्यात जे उरलं होतं, ते आम्ही नर्सबाईंकडून दोन चमचे मागून खाल्लं. हे मन लावून खात होते. "हॉटेलचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

यांनी चमचा खाली ठेवला. मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाले, "आधी नीट सांगायला हवं होतंस गं."

मी चमचा उगारणारच होते. पण मग पुलाजवळचा तो सिग्नल आठवला. कित्येक महिने मी ज्याच्या नावाने घसा कोरडा केला, तो कॉम्प्रेसर माझ्या पायांपासून हातभर अंतरावर खरखरत मेला होता. आणि शेजारच्या सीटवर घाम दिसताच मी त्याला एका क्षणात निर्दोष सोडून दिलं होतं. माझा घाम वयातून येतो आणि यांचा थेट काळजातून, हे मलाही कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून मी समाधान अधिकाऱ्यांना नावं ठेवत नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही. वाचकहो, तुम्हालाही ठेवणार नाही. मी सिग्नलला डोळे मिटून घामाघूम बसले होते, तेव्हा तुम्ही हसत होतात. यांचा डावा हात जड झाला, तसे सावरून बसलात. तेव्हा तुमच्याही मनात कॉम्प्रेसर आला नाही. आणि मी तर दुसरं काही सांगतच नव्हते.