क्रीम सोडून बोला

भाड्याच्या घराला क्रीम रंगच लावायचा, हे ज्यानं कुणी ठरवलं, त्यानं आयुष्यातला एक दिवसही भाड्याच्या घरात काढलेला नाही. हा आरोप आहे आणि तो तोंडावर आहे. तुम्ही कधी समोर येत नाही, तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही; पण तुमचा हुकूम नागपुरात लकडगंजपासून हुडकेश्वरपर्यंत प्रत्येक भाडेकरूच्या भिंतीवर फासलेला आहे. धड पांढरा नाही, धड पिवळा नाही. आजारी माणसाच्या जिभेसारखा.

नागपूरला लागून असलेल्या वाडीत राहणारा आणि तिथल्याच एका ट्रान्सपोर्ट गोदामात बुकिंग बघणारा प्रशिक याच रंगात लग्नापासून संसार करत आला होता. घरं बदलली, घरमालक बदलले, क्रीम बदललं नाही. आताच्या जुन्या खोलीत तर आधीच्या भाडेकरूच्या घड्याळाचा गोल डागही तसाच होता. घड्याळ गेलं, डाग राहिला.

यंदा बुद्ध पौर्णिमेची गल्लीतली सामूहिक वंदना पहिल्यांदाच प्रशिकच्या घरी व्हायची होती. त्याची बायको सरिता म्हणाली, "अवो, लोकं येतीन. या भिंतीपुढं बुद्धाचा फोटो ठेवाची मले लाज वाटते. निदान फोटोच्या मागची एक भिंत निळी करू."

प्रशिक वर राहणाऱ्या वामनरावांकडे गेला. वामनराव घरमालक, पांढराशुभ्र सदरा आणि कपाळावर कायमची आठी.

"काका, रंग लावाचा म्हणतो. खर्च आमचा, मेहनत आमची."

"लाव न बाप्पा! पण क्रीम."

"एक भिंत निळी करतो."

"निळी नाही."

"काहून?"

"नाही म्हंजे नाही. क्रीम सोडून दुसरा रंग दिसला, तं खोली खाली कराची. समजलं?"

समजलं. पण समजलेलं सगळं ऐकायचं असं कुणी सांगितलंय? प्रशिकनं क्रीमची मोठी बादली आणली आणि पिशवीत लपवून निळ्या रंगाचा छोटा डबाही आणला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यानं रजा टाकली. चारही भिंती खरवडून काढल्या, आणि आधी निळी भिंत धरली.

मे महिन्यातली दुपार. ब्रश डब्यातून भिंतीपर्यंत जाईस्तोवर वाळत होता. प्रशिकचा चेहरा टमाट्यासारखा झाला.

"अवो, कूलर लावा," सरिता म्हणाली. "चक्कर येऊन पडसान."

कूलरला सकाळीच वाळ्याची नवी खस बसवली होती. नव्या खसचं पहिलं पाणी चहासारखं निघतं, म्हणून आधी कूलरचं तोंड बाहेर करून तो चालवायचा असतो, हे नागपुरात शाळेत जायच्या आधी कळतं. प्रशिक तर हे दुसऱ्यांना शिकवायचा. पण उन्हानं डोकं शिजलं होतं. त्यानं बटण दाबलं. कूलर एकदा खोकला, दोनदा शिंकला, आणि ओल्या निळ्या भिंतीवर चहाचे शिंतोडेच शिंतोडे.

प्रशिकची आई बायजाबाई आतून आली. तिनं भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. "काय रे बाबू, हा निळा बिबट्या काहून काढला?"

प्रशिकनं घाईघाईनं ओलं फडकं फिरवलं. बिबट्याची म्हैस झाली. नुकतीच डबक्यातून उठलेली. निळा डबा संपलेला, आणि दुपारची दुकानं बंद.

"रडून काहून राहिला?" बायजाबाई म्हणाली. "क्रीमच्या बादलीत नीळ टाक. आम्ही चुन्यात टाकत होतो तं मोहल्ला पाहाले येत होता."

"आई, थे कपड्याची नीळ हाय!"

"मंग? भिंतीले काय माहीत?"

एक बाटली ओतली. बादलीला पत्ता लागला नाही. शेजारपाजारच्या बाटल्या आल्या. रंग घट्ट झाला म्हणून पाणी घातलं, फिका झाला म्हणून आणखी नीळ घातली. अखेर भिंत झकास झाली. मग प्रशिकनं उरलेल्या तीन भिंतींकडे पाहिलं. खरवडलेल्या, उघड्या. आणि क्रीमची अख्खी बादली निळी.

"आता?" सरितानं विचारलं.

"आता काय? लाव."

दिवस मावळेपर्यंत सगळी खोली निळी झाली. सरिता मधोमध उभी राहिली. मग म्हणाली, "इतके घरं झाले, पण आज पयल्यांदा वाटून राहिलं का आपण इथं राह्यतो. नाहीतं नुसते थांबलो होतो."

प्रशिकची छाती फुगली. मग वामनराव आठवले आणि थोडी बसली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी अख्खी गल्ली पांढऱ्या कपड्यांत आली. खोली भरली, मागचे भिंतीला टेकून बसले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, खीर वाटायला लोक उठले, आणि सरितानं हातातला वाडगा खाली ठेवला. भिंतीला टेकलेल्या प्रत्येकाची पाठ निळी!

शेजारचा नत्थूमामा मान वळवून वळवून स्वतःची पाठ शोधत होता. "सरिता, तुह्या भिंतीनं सगळ्याइले रंगवलं वं!"

लोक हसू लागले, तेवढ्यात दारात वामनराव. खोली पाहून त्यांचे डोळे बाहेर आले.

"हे काय हाय? मी काय सांगतलं होतं?" असं म्हणून ते हाताची घडी घालून भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"काका, थे भिंत..."

"मधात बोलू नको!"

"पण काका, सदरा..."

"मधात बोलू नको म्हटलं न! उद्या क्रीम, नाहीतं खोली खाली!"

बायजाबाईनं पोराला डोळ्यानं दटावलं. "बाबू, मोठे मानसं बोलून राहिले तं मधात बोलू नये."

वामनराव पोटभर बोलले आणि तसेच ताठ मानेनं पानठेल्याकडे निघाले. रस्त्यावर पौर्णिमेची मिरवणूक चालली होती. निळी पाठ पाहून कुणीतरी मागून हाक दिली, "जय भीम, वामनराव!" वामनराव गोंधळले. पण ज्यांना पाहून लोक रस्ता बदलत, त्यांना आज अख्खा रस्ता हाका मारत होता. तेही पुटपुटले, "जय भीम." कुणी हातात खीर दिली. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सदरा हातात घेऊन खाली आले. त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाकाकूंनी, साबण घासून घासून बोटं सोलून घेतली होती.

"भिंतीवर टिकत नाही अन् सदऱ्यावरून जात नाही! कोनाचा रंग हाय हा?"

"आमचा हाय काका," प्रशिक म्हणाला. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

"क्रीम कवा लावतो?"

"आत्ता लावतो. फकत निळा काहून नाही, थे सांगा."

वामनरावांनी सदरा या हातातून त्या हातात घेतला. "असंच असते."

"कोनं ठरवलं?"

"मले काय माहीत? माह्या आधीपासून हाय."

तेवढ्यात रस्त्यावरून एक ऑटोवाला ओरडला, "जय भीम, वामनराव!" वामनरावांचा हात आपोआप वर गेला. हातात सदरा होता. निळ्या पाठीचा तो सदरा वाडीच्या सकाळी झेंड्यासारखा फडकला.

हात खाली घेऊन ते म्हणाले, "मी विचारून सांगतो. तवापर्यंत राहू दे." आणि वर निघून गेले.

प्रशिकनं रंगात चिकट सरस घालून आणखी एक हात मारला. आता भिंत कुणाला लागत नाही. वामनराव मात्र अजून विचारतच आहेत. कुणाला विचारायचं, हेच त्यांना सापडत नाही. तेव्हा त्यांना सोडा. ज्यांनी ठरवलं ते तुम्ही आहात, तर तुम्हीच उभे राहा आणि प्रशिकच्या निळ्या खोलीत येऊन सांगा: निळा का नाही?

बोला.