बत्तिसावा ठोका

श्रीनिवास आमच्या घरी आला की आधी फ्रीजला हात लावतो. उघडत नाही. तळहात टेकवून, डोळे मिटून उभा राहतो आणि निकाल देतो, "सर, ह्यो लई सरळ चालतोय. ह्याच्यात कायबी मजा न्हाय." माझ्या तब्येतीची चौकशी त्यानंतर.

पिठाची गिरणी, पाण्याची मोटर, थांबलेली रिक्षा. काही थरथरताना दिसलं की याचा हात गेलाच. एकदा नवी पेठेत एका सराफाच्या दारातल्या जनरेटरवर हात ठेवून हा पाच मिनिटं उभा होता. वॉचमननं हटकलं तर त्यालाच म्हणाला, "ऐकतोय की ओ! तुमी बी ऐका."

सोलापूरच्या पूर्व भागात आमची घरं भिंतीला भिंत लावून. मी निवृत्त गणितमास्तर, तो माझा जुना विद्यार्थी. हल्ली तो कॉम्प्युटरवर नाचायचं संगीत बनवतो. नाव घेतलंय 'डीजे धोटा'. मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा. मी म्हटलं, अरे, नाव तरी जरा बरं घ्यायचंस. तर म्हणतो, "आमच्या घरात दुसरं काय धावलंय सर?"

सुरुवात त्यानं लग्नाच्या वरातींपासून केली. नवरदेवाच्या मामानं गाण्याची फर्माईश केली की हा सांगायचा, "हितं माझं वाजंल. तुमचं घरी वाजवा." साहजिकच वराती संपल्या. मग त्यानं आपलं संगीत इंटरनेटवर टाकलं आणि पुण्याची कॉलेजची पोरं त्याला बोलावू लागली.

त्या संगीताचा पाया म्हणजे यंत्रमागाचा खडखडाट. घरचे चार माग भंगारात गेले, त्याच्या आदल्या दिवशी यानं चौथ्या मागाचा आवाज भरून घेतला होता. पण त्यात एक खोट होती. मी मोजून काढली, मला सवयच आहे. एकतीस ठोके दणदणीत आणि बत्तिसावा गायब. नाचणाऱ्याचा पाय हवेतच राहतो.

"अरे, एक कमी पडतोय," मी म्हटलं.

"कमी न्हाय सर. रिकामा हाय."

"उत्तर चूक आहे, श्रीनिवास."

"मग चूक द्या की. शाळेतबी देतच हुता."

गेल्या रविवारी सकाळी त्याला मुंबईच्या एका संगीत कंपनीचा फोन आला. मी त्याच्याकडेच चहा पीत होतो, फोन स्पीकरवर होता. त्याचं संगीत त्यांना देशभर काढायचं होतं. या फोनची त्यानं दहा वर्षं वाट पाहिली होती. अट एकच, तो बत्तिसावा ठोका भरून द्यायचा.

"भरणार न्हाय," श्रीनिवास म्हणाला.

पलीकडचा माणूस समजावत राहिला. लोक अडखळतात, म्हणाला.

"अडखळू द्या की! आमी जल्मभर अडखळलोय. तुमास्नी नाचायचं नसंल तर बसून ऐका." आणि त्यानं फोन ठेवला.

माझा संताप झाला. एका ठोक्यापायी सोन्यासारखी संधी घालवलीस, गाढवा, असं काहीबाही मी बोललो. त्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "आत चला सर."

आतल्या खोलीत नान्ना, म्हणजे त्याचे वडील, खाटेवर बसले होते. चाळीस वर्षांच्या खडखडाटात त्यांचे कान पार गेले. माग गेल्यापासून ते रिकाम्या शेडकडे तोंड करून बसतात, कुणाशी काही नाही.

श्रीनिवासनं मोठा स्पीकर खाटेला लावून ठेवला, नान्नांचा डावा तळहात त्यावर टेकवला आणि संगीत सुरू केलं.

भिंती हादरू लागल्या. मी मोजत होतो. एकोणतीस, तीस, एकतीस, आणि नान्नांनी स्पीकरच्या कडेला खाडकन एक थाप मारली. संगीत पुढे सुरू झालं. पुन्हा एकतीस, पुन्हा थाप.

"चार नंबरच्या मागाच्या एका चाकाचा दात झिजलेला," श्रीनिवास माझ्या कानाशी ओरडला. "दर फेऱ्याला अडायचा. नान्ना थाप मारायचे, मग चालायचा. ती थाप तेवढी काढून जागा ठिवलीय. ती कशी भरू सर?"

आयुष्यभर वह्या तपासल्या, पण इतकं लाजायची वेळ कधी आली नव्हती.

तेवढ्यात नान्नांनी उजव्या हातानं श्रीनिवासला काहीतरी खूण केली. मागाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून विणकर असंच हातांनी बोलतात. मी विचारलं, काय म्हणतायत?

"म्हणतायत, माग मी बघतो. तू जेवून ये."

श्रीनिवास जेवायला गेला नाही. खाटेशी बसला आणि वडिलांच्या हाताशेजारी त्यानं आपला तळहात टेकवला.