रतनरावांची उलटी वेधशाळा

विश्रांतवाडीच्या आमच्या सोसायटीत रतनरावांनी 'आज ऊन' म्हटलं की लोक छत्री घेऊन निघत. तसे ते वेधशाळेतूनच निवृत्त झालेले; तिथे फायली सांभाळत, घरी बसल्यावर आभाळ सांभाळू लागले. त्यांनी गारांचा इशारा दिला, तेव्हा गाड्यांवर गाद्या पसरून सगळे उन्हात घामाघूम झाले. बुद्धपौर्णिमेला 'निरभ्र' म्हणाले, तर खिरीचं पातेलं वाढून झाल्यावरही काठोकाठ भरलेलंच राहिलं.

मे महिन्यातला रविवार. पार्किंगमध्ये आम्रपालीच्या साखरपुड्याचा मंडप उभा होता. कार्यक्रम पाचला. तीन वाजता रतनरावांनी मोबाइलवर रडारचं चित्र पाहिलं आणि ते ताडकन उठले. नगरच्या बाजूने धनुष्यासारखी वाकलेली ढगांची रांग पुण्यावर चालून येत होती. असला झंझावात, की मंडप थेट कात्रजला उतरेल!

आम्रपालीचे वडील संजय झालर लावत होते. रतनराव धापा टाकत म्हणाले, "संजय, वादळ येतंय! सगळं विहाराच्या हॉलमध्ये हलव."

संजयचा चेहरा उजळला. "नक्की ना, काका?"

"शंभर टक्के!"

"सुटलो! अरे, ते दोर जरा सैल सोडा रे, वारा खेळू दे. काका वादळ म्हणालेत!"

रतनराव जिन्यापर्यंत गेले आणि थबकले. त्या लोखंडी पाइपांखाली दोनशे माणसं बसणार होती. जन्मात एकदा अंदाज बरोबर आला, आणि तोच गिळायचा! ते परत फिरले.

"माझं चुकलं रे. वादळबिदळ काही नाही. पान हलणार नाही, लिहून देतो!"

संजयच्या हातातली झालर गळाली. "लिहून देताय? मेलो! उतरवा रे मंडप!"

पाचला पाच मिनिटं कमी असताना वादळ आलं. एक स्कूटर आपणहून गेटपर्यंत जाऊन परत आली, असं वॉचमन अजून शपथेवर सांगतो. हॉलमध्ये मात्र आम्रपालीच्या बोटात निवांत अंगठी चढली.

संजयने रतनरावांना पेढा भरवला. "काका, एकदा जरी तुमचं बरोबर आलं असतं ना, तर आज वाट लागली असती!"

रतनरावांनी पेढा गिळला. निदान बायकोला तरी खरं सांगू, म्हणून घरी आले, तर प्रेमलाबाई गच्चीवरून उतरत होत्या. हातात कुरडया वाळत घातलेली साडी. नुसती साडी.

"अहो, पान हलणार नाही, लिहून देतो, असं म्हणालात ना? मी खिडकीतून ऐकलं."

"मग?"

"मग काय! सगळी सोसायटी तुम्हाला हसते. म्हटलं, नवऱ्यावर बायकोने तरी विश्वास ठेवावा."