मी इथेच आहे हं!

सासूबाईंनी बँकेचं कर्ज दुसऱ्याच दिवशी सकाळी फेडून टाकल्याचं जावईबापूंना कळलं, तेव्हा ते एका लिफ्टच्या टपावर बसून तिचे दोर तपासत होते. बायकोचा फोन होता.

"आई बँकेत जाऊन आली."

"कशाला?"

"पैसे परत करायला. म्हणते, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

जावईबापूंनी हातातला पाना खाली ठेवला. ते कर्ज मिळवायला त्यांनी बँकेत किती खेटे घातले होते, आणि ते मुळात पैशांसाठी नव्हतंच. कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणारा म्हातारा धंदा आवरून मुलीकडे राहायला जाणार होता. त्याच्या जागेत सासूबाईंना शिवणाचं दुकान थाटायचं होतं. पण घरमालक म्हणाला, "आधी क्रेडिट हिस्टरी दाखवा, म्हणजे कर्ज घेऊन वेळेवर फेडल्याची नोंद." सासूबाईंनी जन्मात कुणाची कवडी उधार ठेवली नव्हती, मग दाखवणार काय, कपाळ? या नव्या देशात नेमका तोच त्यांचा गुन्हा ठरला. शेवटी बँकेतल्या मुलीनेच तोड काढली. छोटंसं कर्ज घ्यायचं, दर महिन्याला हप्ता भरायचा, वर्षभरात झकास हिस्टरी तयार. म्हातारासुद्धा बिचारा तोवर थांबायला कबूल झाला होता.

आणि सासूबाईंची हिस्टरी भरली एका रात्रीची!

"आई, अहो, ते पैसे ठेवून घ्यायचे होते," संध्याकाळी जावईबापू काकुळतीला येऊन म्हणाले.

"दुसऱ्याचे पैसे घरात असले की मला घास गिळवत नाही, जावईबापू. आणि मी काही रिकाम्या हाताने गेले नाही हो. त्या पोरीला छान पिशवी शिवून नेली. हरखून गेली अगदी!"

खरं तर जावईबापूंना मनातून या बाईंचं फार कौतुक होतं. नवरा गेल्यावर एका शिवणयंत्रावर त्यांनी दोन मुली वाढवल्या, शिकवल्या. लोक ज्या वयात गुडघे चोळत बसतात त्या वयात त्या परक्या देशात आल्या, आणि रस्त्यावरची पाटी वाचता येत नव्हती तेव्हासुद्धा दोरेवाल्याशी हातवारे करून घासाघीस करून आल्या. आता तर कामापुरती भाषाही त्यांनी आत्मसात केली होती. असल्या माणसाला दुकान मिळू नये म्हणजे अतिच झालं.

दुसरं कर्ज काढलं. या वेळी जावईबापूंनी हप्ता खात्यातून आपोआप कापला जाईल अशी व्यवस्था केली आणि सासूबाईंना बजावलं, "तुम्ही एक पैसाही भरायला जायचं नाही. स्वस्थ बसायचं."

"आणि बँकेला वाटलं, बाई पैसे घेऊन पळाली, तर?"

"नाही हो वाटत!"

सासूबाई शब्दाला जागल्या. एक पैसा भरला नाही. फक्त दोरे आणायला निघाल्या की वाटेत बँकेत शिरायच्या, शहाण्यासारख्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि खिडकीशी पोचल्या की हसून सांगायच्या, "मी इथेच आहे हं!" एवढं सांगून परत. रांगेत हात रिकामे कशाला, म्हणून मध्येच कधी दारावरच्या रखवालदाराचं बटण लावून द्यायच्या, कधी कुणाची उसवलेली बाही टाचून द्यायच्या.

बँकेतली माणसं खूश होती. कॉम्प्युटर मात्र खूश नव्हता. सासूबाई आल्या की खिडकीवरची मुलगी नियमाप्रमाणे 'ग्राहक कर्जासंबंधी येऊन गेले' अशी नोंद करायची. नोंदींचा ढीग पाहून कॉम्प्युटरने आपली अक्कल चालवली, आणि एके दुपारी मॅनेजरचा जावईबापूंना फोन आला.

"तुमच्या सासूबाई फार अडचणीत दिसतात. आम्ही त्यांचे हप्ते तूर्त थांबवतोय. काळजी करू नका."

"थांबवू नका!" जावईबापू किंचाळले. हप्ते थांबले की हिस्टरीचे बारा वाजणार, आणि दुकान हातचं जाणार. डोक्यावरचं हेल्मेटही न काढता त्यांनी बँक गाठली.

सासूबाई रांगेत होत्याच. त्यांच्यापुढे खिडकीशी, बघतात तो, खुद्द घरमालक! "पुढच्या महिन्यात नक्की भरतो हो," तो मुलीला हळू आवाजात विनवत होता.

मॅनेजर बाहेर आला. "बाई, संकोच करू नका. हप्ता जड जातोय का?"

"छे हो!"

"मग सारख्या येता कशाला?"

सासूबाईंना प्रश्नच कळेना. "तुमचे पैसे आहेत ना माझ्याकडे? मग मी कुठे गेले नाही, हे तुम्हाला दिसायला नको? उसने घेऊन तोंड कशाला लपवायचं?"

मुलीने खाली मान घालून हसू दाबलं, मॅनेजरने चष्मा काढून पुसला. आपल्या मुलांनी यांच्यासारखं व्हावं, असं जावईबापूंना त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

घरमालक हळूच मागे वळला. "माझे सगळे भाडेकरू हिस्टरी बघून घेतलेले आहेत," तो म्हणाला. "आणि मला बघितलं की मागच्या दाराने पसार होतात. मी तरी कुठे वेगळा आहे? हे बँकेचे लोक माझ्या कर्जासाठी तगादा लावून थकले, तेव्हा आज इथे उगवलोय. बाई, हिस्टरी राहू द्या. दुकान तुमचं."

मॅनेजरने हप्ते चालू ठेवले. म्हाताऱ्याने जाताना आपलं लाकडी स्टूल सासूबाईंना भेट दिलं. यंत्र दुकानात आलं, पाटी लागली. एवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "भाडं कधी द्यायचं?"

"महिनाअखेरीला," घरमालक ऐटीत म्हणाला. तो दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायचा.

सासूबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे महिनाभर तुमच्या जागेत तशीच बसू?"

आठवडा काही पुरता गेला नाही. एका सकाळी जावईबापूंनी दार उघडलं, तर समोर घरमालक. पायात सपाता, डोळे तांबारलेले.

"तुमच्या सासूबाईंना आवरा. भाडं आगाऊ घेतो, रोजचं रोज घेतो, म्हणतील तसं घेतो. पण उजाडायच्या आत दार वाजवतात हो! उघडलं की हसून तेच एक वाक्य!"

जावईबापू काही बोलणार, तेवढ्यात धापा टाकत सासूबाईच जिना चढून वर आल्या. घरमालक चपळाईने दाराआड झाला.

"अहो जावईबापू," त्या काळजीने म्हणाल्या, "कधीची दार वाजवतेय, घरमालक उघडतच नाहीत. पळाले-बिळाले की काय?"