वामनरावांची निळी थाळी

वामनराव मोंबासकरांचा पुढचा दात हलत होता. डॉक्टर म्हणाले, पडायलाच आलाय, काढून टाकू. "पडका म्हणू नका, संरक्षित म्हणा," असं सुनावून वामनरावांनी वहाणा चढवल्या आणि दातासकट घरी आले.

आडनाव खरं कुलकर्णी. पण आफ्रिकेत नोकरी करून आलेल्या माणसाला सोलापूर कुलकर्णी कसं राहू देईल? मोंबाशाच्या पलीकडे जंगलात गेडी नावाचं ओसाड शहर आहे. पोवळ्याच्या दगडाच्या मशिदी, घरं, विहिरी. सरकारनं ते संरक्षित ठरवलं आणि वामनराव तिथं मोजमापाच्या कामावर होते. परत आल्यापासून त्यांना नवं काही खपेना. छत्रीला ठिगळावर ठिगळ. आमच्या किल्ल्याच्या तटाला टेकून कुणी विडी ओढताना दिसला, की ते असे झाडत की तो बिचारा तटाचीच माफी मागे. आम्ही शेजारी हसत असू. मी जरा जास्तच.

एकदा तर त्यांनी कहर केला. भाड्याच्या घराच्या दर्शनी भिंतीत निळ्या फुलांची चिनी मातीची थाळी चुन्यात पक्की बसवली. दिवाळीआधी भिंती पांढऱ्या करायला घरमालकीण गंगाबाई गवंडी घेऊन आल्या. मीही मजा बघायला बाहेर आलो.

"ह्ये काय वो पंत? त्या पडक्या गावातनं उचलून आणलंय का?" गंगाबाईंनी विचारलं.

वामनराव दुखावले. तिथली खापरीसुद्धा कुणाला हलवू दिली नव्हती त्यांनी. तिकडे मोठ्या माणसांच्या थडग्यांत थाळ्या बसवायची जुनी रीत होती, हे ते समजावू लागले. थडगं म्हटल्यावर गंगाबाईंनी गवंड्याला छिन्नी काढायला लावली.

वामनराव थाळीला पाठ लावून उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. जुमा तिथला राखणदार, त्यांचा एकुलता एक सोबती. पहिल्या दिवशी त्यानं याच थाळीत भात आणला. मुसलमानाच्या ताटातलं खायचं कसं, म्हणून यांनी पोट भरल्याचं सांगितलं. जुमा समजला. पुढे सहा वर्षं तो थाळीत न सोललेली केळी ठेवी. हे थाळीला बोट न लावता केळं उचलत, आणि जुमा तेवढा वेळ दुसरीकडे बघे. मग तो तापानं गेला.

"मी निघालो तेव्हा त्याची बायको ही थाळी घेऊन आली. म्हणाली, ही तुमचीच आहे. घरात कुणाला हिच्यात जेवू दिलं नाही त्यांनी, तुमच्यासाठी वेगळी ठेवलेली." वामनराव थाळीकडे वळले. "आणि मी ती त्याची उष्टी समजत होतो, गंगाबाई. त्याच्या कबरीवर नुसती माती आहे. म्हणून इथं बसवली."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. गवंडी छिन्नी धरून तसाच उभा होता.

"बघतूस काय? ठेव ती छिन्नी पिशवीत," गंगाबाई त्याला म्हणाल्या. "चुना कडंकडंनं मार. थाळीवर थेंब उडाला तर माज्याशी गाठ हाय."